पाण्यात पाणी

दुधात पाणी घालणारे सगळ्यांनीच पाहिलेत. पाण्यात पाणी घालणारा चोर मात्र कुणी पाहिला नसेल. आणि त्या चोराला पकडायला ज्याने कंबर कसली, तो गृहस्थ चोरापेक्षा दुर्मीळ.

त्यांना सगळे पाणीसर म्हणत. पाण्यावर क्ष-किरण सोडायचे आणि परत काय येतं ते बघत बसायचं, यापलीकडे तीस वर्षांत त्यांनी काही केलं नव्हतं. स्वभाव संशयी. घरी शाम्पूच्या बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवत. बायकोने एकदा न सांगता केस धुतले, तर रात्रीच्या जेवणात त्याची चौकशी बसली. लोक तर असंही सांगतात, की रस्त्याने जाताना ते मधेच थांबून मागे वळून पाहायचे, आपली सावली आपल्याच मागे का येते म्हणून. हे काही खरं नसावं. सावलीला त्यांनी केव्हाच पुढे घातलं असतं.

संशयाचा सगळ्यात जुना आणि मुरलेला विषय म्हणजे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा माणूस पाण्याला हात न लावता पाण्यावर बोलायचा, कारण त्याचं काम गणिताचं. संगणकावर रेणू मांडायचे, आकडेमोड करायची आणि पाणीसरांनी वर्षभर घाम गाळून काढलेला आलेख चहा पिता पिता खोडून काढायचा.

भांडण दोन टेकड्यांचं होतं. पाण्याच्या रेणूवर मऊ जातीचा क्ष-किरण टाकला की रेणू दचकतो आणि थोडा उजेड परत फेकतो. त्या उजेडाचा आलेख काढला, की जिथे एकच उंचवटा यायला हवा तिथे दोन येतात, जुळ्या टेकड्यांसारखे. पाणीसर म्हणत, याचा अर्थ पाण्यात दोन तऱ्हेची वस्ती आहे. काही रेणू चार शेजाऱ्यांचे हात धरून शहाण्यासारखे बसलेले, काही हात सोडून उंडारणारे. साडू म्हणे, वस्ती एकच. क्ष-किरणाचा दणका बसला की हायड्रोजन घाबरून पळत सुटतो आणि त्या पळापळीत दुसरी टेकडी दिसते. तुम्ही दगड मारून कुत्रं पळवता आणि म्हणता, गल्लीत दोन जातींची कुत्री आहेत.

हे कुत्र्याचं वाक्य साडूने भर सभेत म्हटलं होतं. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघी बहिणींनी नियम केला, की एकत्र जेवताना पाणी हा शब्द काढायचा नाही. तहान लागली की दोघे साडू पेल्याकडे नुसतं बोट दाखवत.

आता पाणीसरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि त्यांना शेवटची पाळी मिळाली होती. पाळी म्हणजे त्या गोल इमारतीतली. आत नळीच्या भल्यामोठ्या कड्यातून इलेक्ट्रॉन गरगर फिरतात आणि वळताना क्ष-किरण सांडतात. कड्याभोवती ठिकठिकाणी मोजणीची केंद्रं मांडलेली. अर्ज करायचा, वर्ष-दीड वर्ष थांबायचं, मग सहा दिवस मिळतात. या वेळी समितीने अट घातली होती: मोजणी पाणीसरांनी करावी, आणि साक्षीदार म्हणून साडूंनी सहाही दिवस शेजारी बसावं. अहवालावर दोघांची सही. नंतर कुरकुर नको.

कसोटी जड पाण्याची होती. जड पाण्यातला हायड्रोजन साध्याच्या दुप्पट वजनाचा, म्हणून तो पळेल सावकाश. साडू खरे असतील तर जड पाण्यात दुसरी टेकडी निम्म्याने खाली बसेल. पाणीसर खरे असतील तर ती जागची हलणार नाही. इतकं सरळ.

जड पाणी आलं ते खोकल्याच्या औषधाएवढ्या तपकिरी बाटलीतून. शंभर मिलिलिटर, किंमत ऐकून तहान पळून जावी अशी. ते बारीक नळीतून खेळवायचं, केसाच्या जाडीचे पाचशे भाग करून त्यातला एक घ्यावा इतक्या पातळ खिडकीमागून क्ष-किरणांना दाखवायचं आणि पुन्हा बाटलीत जमा करायचं. दोन-चार थेंब सोडले तर वाया काही जात नाही.

पहिल्या दिवशी सकाळी पाणीसरांनी तासभराची चाचणी घेतली. आलेख खरखरीत, भरवसा ठेवण्याजोगा नव्हता, पण दुसरी टेकडी जराशी बसल्यासारखी वाटली. ते बाटली ठेवायला नमुन्यांच्या खोलीत गेले, तर साडू पाठमोरे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात घालून उकिडवे बसलेले.

“काय शोधताय, साडूबुवा?”

“हातमोजे.” साडू गुडघे चोळत उठले.

“मिळाले?”

“नाही.”

“तुम्हाला कशाला लागतात हातमोजे? तुम्ही तर कशाला हातच लावत नाही.”

“म्हणूनच तर लागतात,” साडू म्हणाले आणि निघून गेले.

पाणीसर बराच वेळ त्या कपाटाकडे बघत राहिले. खालच्या कप्प्यात पुसायची फडकी होती, रिकामी खोकी होती, आणि अगदी समोर, नाकावर आपटतील असे, हातमोज्यांचे दोन डबे होते.

झालं. त्या क्षणापासून त्यांचं लक्ष आलेखावरून उडालं आणि बाटलीवर बसलं. बाटली तपकिरी, खांद्याला गोल. बाहेरून रेघ मारून काय कळणार? शिवाय रेघ साक्षीला टिकत नाही, आकडा टिकतो. म्हणून त्यांनी काचेचं मोजपात्र घेतलं. तीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे शुद्ध पाण्याने तीनदा खळबळून धुतलं, तीनदा झटकलं, आणि बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. एकशे एक. बाटलीवर शंभर लिहिलेलं, भरलं एकशे एक. कंपनी उदार दिसते, असं म्हणून त्यांनी पाणी बाटलीत परत ओतलं, पात्र पुन्हा धुऊन पालथं घातलं आणि वहीत वेळ लिहिली. त्या दिवशी त्यांनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकशे एक.

दुसऱ्या दिवशी दुसरी टेकडी थोडी वर आली. पाणीसर आधी खूश झाले. दुपारपर्यंत आणखी थोडी वर आली आणि त्यांची खुशी आंबली. बंद बाटलीतलं पाणी तेच, क्ष-किरण तेच, यंत्र तेच; मग टेकडी चढते कशी? शुद्ध जड पाण्याची टेकडी जिथे असेल तिथेच असली पाहिजे. चढतेय, याचा अर्थ कुणीतरी जड पाण्यात साधं पाणी मिसळतंय. त्या दिवशी त्यांनी चार वेळा मोजलं. एकशे एक, एकशे एक, एकशे एक, एकशे एक.

म्हणजे चोर साधासुधा नव्हता. जेवढं काढतो तेवढंच घालतो, थेंबाचा फरक पडू देत नाही. इतकं काटेकोर मोजणारा माणूस या इमारतीत एकच, असं पाणीसरांनी ठरवून टाकलं.

पण साडू हे का करतील? टेकडी चढली तर फायदा पाणीसरांचा. संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी यावर डोकं खाजवलं, आणि मग एकदम सगळं लख्ख दिसलं. तोच तर डाव. पाणी नासवायचं, टेकडी पाणीसरांच्या बाजूला चढू द्यायची, आणि शेवटच्या दिवशी साक्षीदार म्हणून उभं राहून सांगायचं: हे पाणी तपासा, यात भेसळ आहे. भेसळ कुणाच्या फायद्याची? बाटली कुणाच्या ताब्यात? संपलं. तीस वर्षांचं नाव निवृत्तीच्या तोंडावर गटारात. लोक म्हणणार, पाणीसरांनी पाण्यात पाणी घातलं.

त्यांनी घरी फोन लावला.

“तुझ्या बहिणीचा नवरा मला बुडवायला निघालाय,” ते म्हणाले.

“कशात?” बायकोने विचारलं.

“चेष्टा नको. बाटलीत भेसळ होतेय.”

“तुम्ही पाहिलंत त्यांना करताना?”

“बघितलं असतं तर पुरावा झाला असता. संशय कशाला म्हणतात मग?”

“अहो, मागच्या वर्षी शाम्पू संपवतो म्हणून तुम्ही शेजारच्या काकांवर संशय घेतला होता. त्यांना टक्कल आहे.”

पाणीसरांनी फोन ठेवला. बायको झाली तरी शेवटी तिकडचीच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सात वेळा मोजलं. चौथ्या दिवशी अकरा वेळा. चहाला जाण्याआधी, चहाहून आल्यावर, साडू खोकले तर, साडू बराच वेळ खोकले नाहीत तर. दर वेळी पात्र तीनदा धुवायचं, तीनदा झटकायचं. घाई झाली म्हणून स्वच्छतेत कसूर नाही. आणि दर वेळी एकशे एक. टेकडी मात्र पायऱ्या चढावी तशी चढत होती. साडूही विचित्र वागत होते. पाणीसर बाटली घेऊन नमुन्यांच्या खोलीकडे निघाले की ते खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपत. पाणीसर वळून बघायचे तेव्हा वही मिटलेली असायची. दिवसातून एकदा तरी साडू त्या कपाटापाशी वाकलेले दिसत.

“हातमोजे का?” पाणीसर विचारत.

“हातमोजे,” साडू म्हणत.

पाचव्या दिवशी सकाळी पाणीसरांनी तक्रारअर्ज लिहिला आणि पंपबाईंच्या टेबलावर ठेवला. मोजणीच्या केंद्राचा सगळा कारभार पंपबाईंकडे होता. हा मऊ क्ष-किरण हवेतच जिरून जातो, म्हणून त्याच्या वाटेतली सगळी हवा पंपांनी उपसून काढावी लागते, आणि ते पंप बाईंच्या शब्दाबाहेर नव्हते. साडी असो की ड्रेस, वर डगला आणि डगल्याच्या खिशात पाना असायचाच.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. सोबत जोडलेली चोवीस मोजण्यांची यादी बोटाने खालपर्यंत वाचली.

“सर, हा अर्ज पुढे गेला तर तुमच्या साडूंना इथे पुन्हा पाऊल टाकता येणार नाही.”

“माझा नाइलाज आहे.”

“आणि ते म्हणाले की तुम्हीच केलं, तर?”

“तेच तर ते म्हणणार आहेत. म्हणून मी आधी.”

बाईंनी साडूंना बोलावून घेतलं. साडूंनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला, आणि खिशातली वही टेबलावर ठेवली.

“माझीही तक्रार लिहून तयार आहे,” ते शांतपणे म्हणाले. “हे गृहस्थ काल अकरा वेळा बाटली घेऊन दाराआड गेले. प्रत्येक वेळेनंतर टेकडी चढली, आणि चढली ती यांच्या बाजूला. मी एक सोडून दोन वेळा ऐकलंय, आत नळ सोडल्याचा आवाज येतो.”

“आवाज येतो म्हणजे तुम्ही दाराला कान लावता?” पाणीसर म्हणाले.

“साक्षीदार आहे मी. कान घरी ठेवून येऊ?”

“पाहिलंत बाई? म्हटलं नव्हतं, माझ्यावरच उलटवतील.”

“थांबा दोघेही,” बाई म्हणाल्या. “चोरी कशी होते ते नंतर बघू. आधी चोरी नसताना काम कसं होतं ते मला दाखवा. सर, बाटली घ्या. नेहमीसारखं मोजा. काही गाळायचं नाही, काही वाढवायचं नाही.”

तिघे नमुन्यांच्या खोलीत गेले. पाणीसर मनातून सुखावले. आपली शिस्त दाखवायची संधी रोज कुठे मिळते. त्यांनी मोजपात्र घेतलं, शुद्ध पाण्याच्या नळाखाली धरून खळबळलं, ओतलं, पुन्हा, पुन्हा. मग मनगटाला तो खास झटका देऊन तीनदा झटकलं. जड पाणी ओतलं, खाली वाकून डोळा पातळीला आणला.

“एकशे एक,” ते म्हणाले. “चोवीसदा मोजलं, एक थेंब इकडचा तिकडे नाही. इतकं मोजून मापून चोरी करणारा माणूस या इमारतीत एकच आहे.”

“दोन आहेत,” पंपबाई म्हणाल्या. “बाटलीवर किती लिहिलंय?”

“शंभर. कंपनीने एक जास्त दिलंय.”

“एवढ्या महागाचं पाणी विकणाऱ्या कंपनीने कधी कुणाला थेंब तरी फुकट दिलाय का, सर?”

पाणीसरांनी बाटली फिरवून तिच्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

“आता ते बाटलीत परत ओता.” त्यांनी ओतलं. “पात्राच्या तळाला, कडेला काय राहिलं?”

“राहतं थोडं. ते मी धुऊन टाकतो. पात्र तसंच ठेवायची सवय नाही मला.”

“म्हणजे एक मिलिलिटर जड पाणी गटारात. आणि पुढच्या वेळी पात्र धुता तेव्हा कडेला एक मिलिलिटर साधं पाणी चिकटून राहतं, ते जड पाण्यात. काढलं तेवढंच घातलं.” बाईंनी मोजपात्र त्यांच्या हातातून घेऊन उजेडात धरलं. काचेच्या आतून थेंब हळूच खाली ओघळला. “माझ्या कामात ओलं भांडं म्हणजे वैरी. बोटाचा ठसा ओलसर राहिला तरी माझे पंप दोन दिवस धापा टाकतात. तुमच्या कामात पाण्याने ओलं झालेलं भांडं म्हणजे स्वच्छ भांडं. तीस वर्षं तुम्ही साधं पाणी मोजत होतात, तेव्हा चाललं. पाण्यात पाणी गेलं तर कुणाला कळणार?”

खोलीत नळाचा एक थेंब टपकला. पाणीसर त्या पात्राकडे बघत होते. पहिल्या दिवशी दोन, मग चार, मग सात, मग अकरा. जितका संशय वाढला तितकं मोजलं. जितकं मोजलं तितकं नासलं. जितकं नासलं तितका संशय वाढला. अहवालावर साडूंची सही लागणार होती आणि साडूंना खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं खरं सांगितलं तरी पाणीसर बुडणार होते. बाटली त्यांच्या ताब्यात, हात त्यांचा, फायदा त्यांचा.

“लिहा,” ते साडूंना म्हणाले. “काय लिहायचं ते लिहा. मी सही करतो.”

साडूंनी वही उघडली, काहीतरी खरडलं, ओठ हलवत आकडे मोजले.

“शंभरात एक, चोवीस वेळा,” ते पुटपुटले. “सध्या तुमच्या बाटलीत शंभरात एकवीस भाग साधं पाणी आहे. आजचं धरलं तर बावीस.” मग मान वर करून म्हणाले, “भेसळच करायची असती तर माणूस एका झटक्यात करेल. रोज धुऊन, झटकून, वेळ लिहून, वहीत नोंद ठेवून करणार नाही. इतकी मूर्ख चोरी मुद्दाम कुणाला जमत नाही, साडूबुवा. हे मी सहीनिशी लिहून देतो.”

त्यात मान होता की अपमान, हे पाणीसरांना ठरवता येईना.

मग साडू कपाटापाशी उकिडवे बसले, खालच्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यांमागून एक बाटली काढली. तपकिरी, तेवढीच, झाकणावरचं सील न तुटलेलं. सीलवरून कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली, तिच्यावर साडूंची सही.

“हे काय?”

“जड पाणी. माझ्याकडचं. पहिल्याच दिवशी ठेवलं. म्हटलं, तुम्ही काहीतरी भानगड करणार, तर पुरावा म्हणून शुद्ध नमुना असावा. रोज येऊन बघत होतो, पट्टी फाडलीय का.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर संशय घेत होतात?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग हातमोजे?”

“तुम्ही विचारलंत म्हणून सुचलं ते.”

पंपबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “उद्या दुपारपर्यंत किरण तुमचेच आहेत. पट्टी माझ्यासमोर फाडायची. आणि ओतायचं साडूंनी.”

“मी?” साडू दचकले. “मी कधी भांड्याला हात लावत नाही.”

“म्हणूनच.”

साडूंनी बाटली दोन्ही हातांनी धरून ओतलं. नळी आधी कोरडी करून घेतली होती, पंपबाईंनी स्वतः. ओतताना पाणीसरांचा उजवा हात आपोआप मोजपात्राकडे गेला. बाईंनी पात्र आधीच उचलून आपल्या डगल्याच्या खिशात टाकलं होतं, पान्याशेजारी. बाटली साडूंची, ओतणारा हात साडूंचा, आणि आत काय आहे हे तपासायला पाणीसरांकडे साडूंच्या शब्दाशिवाय काहीही नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी इतकी अवघड मोजणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी किरण बंद झाले तेव्हा आलेख स्वच्छ उतरला होता. दोघे पडद्यासमोर खुर्च्या जोडून बसले. दुसरी टेकडी बसली होती. निम्म्याने नाही. जागची हलली नाही असंही नाही. सुमारे तिसऱ्या हिश्श्याने.

“बसली,” साडू म्हणाले.

“निम्म्याने बसायची होती,” पाणीसर म्हणाले.

“तुमच्या मते तर हलायचीच नव्हती.”

“तुमचं कुत्रं पुरेसं पळालं नाही.”

“आणि तुमची वस्ती पुरेशी थांबली नाही.”

थोड्या वेळाने साडूंनी पाणीसरांचा तक्रारअर्ज मागितला. त्याच्यामागची चोवीस वेळांची यादी त्यांनी आपल्या वहीशेजारी ठेवली आणि एकेका वेळेपुढे आकडा लिहीत गेले: शंभरात एक भाग साधं, शंभरात दोन, शंभरात तीन. नासलेल्या चार दिवसांचा प्रत्येक आलेख आता कुठल्या तरी पायरीवर बसत होता. शुद्ध जड पाण्यापासून वर चढत जाणारी चोवीस पायऱ्यांची शिडी, आणि टेकडी कुठे किती चढते हे पायरीगणिक स्पष्ट.

“अशी शिडी कुणी मुद्दाम केली नसती,” साडू म्हणाले. “एवढा कंटाळा कुणाला सोसेल?”

“वेळा बिनचूक आहेत,” पाणीसर म्हणाले. “सेकंदापर्यंत.”

“ते मला माहीत आहे. माझ्या वहीशी जुळतात.”

अहवालात तो तक्ता जोडला गेला. वरच्या रकान्याला काय नाव द्यावं यावरून अर्धा तास वाद झाला. साडूंचा हट्ट होता ‘चोरी क्रमांक’, शेवटी पंपबाईंनी ‘धुणे क्रमांक’ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. तक्रारअर्जाचं पहिलं पान कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली. नियम अजून उठला नव्हता. पाणीसरांना तहान लागली, त्यांनी पेल्याकडे बोट दाखवलं. साडूंनी तांब्या उचलला आणि पेला काठोकाठ भरून त्यांच्यापुढे सरकवला. पाणीसरांनी पेला उचलला, डोळ्यासमोर धरला, पातळी पाहिली, उजेडाकडे वळवला.

“अहो, प्या,” बायको म्हणाली.

त्यांनी साडूंकडे एकदा बघितलं आणि पेला रिकामा केला.